सातव्या महिन्यात जन्मलेल्या मुलाला पळताना धाप लागते: हा दमाच आहे का?

तासगाव तालुक्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा १९ वर्षांचा. जन्म २८ व्या आठवड्यात, वजन १ किलो १०० ग्रॅम. सुरुवातीला व्हेंटिलेटर, मग बरेच दिवस ऑक्सिजन. लहानपणी दर पावसाळ्यात वाफ द्यायला न्यावं लागायचं, ते दहाव्या वर्षाच्या आसपास थांबलं. आता तो पोलीस भरतीसाठी पळतोय. १६०० मीटरला निम्मं अंतर झालं की धाप लागते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. एका डॉक्टरांनी दमा सांगून पंप दिला, त्याने थोडाच फरक पडला. दुसऱ्यांना एक्स-रेत डाग दिसले, त्यांनी टीबीची शंका काढली. पंपाची सवय लागेल का, भरतीचा नाद सोडावा का, आणि हे जन्मभर असंच राहणार का?

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची माहिती सुरुवातीलाच आली आहे: २८ वा आठवडा. ती त्या दोन्ही डॉक्टरांना सांगितली होती का? बहुतेक नसेल, कारण त्यांनी विचारलंच नसेल. छातीच्या ओपीडीत तरुण मुलगा आला की आम्ही बिडी-सिगारेट विचारतो, चूल आहे का विचारतो, घरात कुणाला टीबी झाला होता का विचारतो. आईच्या पोटात किती आठवडे होता, हे क्वचितच कुणी विचारतं. बालरोगतज्ज्ञांकडे जाणं पंधराव्या-सोळाव्या वर्षी थांबतं आणि जन्माची हकीकतही तिथेच राहते. सांगली-मिरजेत इतकी वर्षं छातीचे रुग्ण पाहून माझं मत असं झालंय की, या मुलांचं खरं नुकसान फुफ्फुसं थोडी कमी भरल्याने जेवढं होतं, त्याहून जास्त ही एक ओळ हरवल्याने होतं. मग कुणी त्यांना दमेकरी ठरवतं, कुणी टीबीवाला, आणि कुणी "मनाचं आहे, कसरत कमी पडतेय" म्हणून घरी पाठवतं.

आधी २८ व्या आठवड्यात फुफ्फुस कुठवर आलेलं असतं ते बघू. श्वासनलिकांच्या फांद्या तोवर फुटून झालेल्या असतात, पण त्यांच्या टोकाला जे वायुकोश हवेत, ते खऱ्या अर्थाने तयार व्हायला ३६ व्या आठवड्याच्या सुमारास लागतात. त्याआधी असतात त्या साध्या, जाड भिंतींच्या पिशव्या. वायुकोश मिटू नयेत म्हणून आतून जो सरफॅक्टंटचा थर लागतो, तो २४ व्या आठवड्यापासून थोडा थोडा बनू लागतो आणि ३४-३५ व्या आठवड्याला पुरेसा होतो. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटी वायुकोश असतात. त्यातले बहुतेक जन्मानंतरच बनतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत झपाट्याने आणि पुढेही हळूहळू. तुमच्या मुलाला हे काम पोटातल्या पाण्यात करायचं सोडून हवेत, ऑक्सिजनखाली आणि मशिनच्या दाबाखाली करावं लागलं.

आपल्याकडे आजही आज्या सांगतात की सातव्या महिन्यातलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही. हे उलटं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुफ्फुसाच्या फायद्याचाच असतो. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक १९६३ साली साडेचौतीस आठवड्यांनी जन्मला आणि ३९ तासांत गेला. सरफॅक्टंट कमी पडल्यामुळे हे होतं, हे १९५९ सालीच समजलं होतं, पण द्यायला औषध नव्हतं. बाहेरून सरफॅक्टंट देऊन बाळं सुधारल्याचा पहिला अहवाल जपानमधून १९८० साली आला आणि सरसकट वापर सुरू झाला तो १९९० नंतर. म्हणजे तुमच्या मुलासारखी, इतक्या कमी दिवसांची आणि तरीही जगलेली माणसं मोठ्या संख्येने पहिल्यांदाच तरुण होतायत. आत्ताआत्तापर्यंत असे प्रौढ रुग्ण ओपीडीत फारसे येतच नव्हते. यापुढे येत राहणार: २०२० या एका वर्षात जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मली, त्यातली जवळपास ३० लाख भारतातली.

व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनवर वाचलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत जी इजा दिसते तिचं वर्णन १९६७ साली नॉर्थवे आणि सहकाऱ्यांनी केलं. तिला ब्रॉन्कोपल्मनरी डिसप्लेजिया, म्हणजे बीपीडी म्हणतात. त्या काळी व्रण आणि चट्टे जास्त असायचे. आता व्हेंटिलेटर सौम्य वापरतात, सी-पॅपवर, म्हणजे नाकातून हलक्या दाबाने हवा देण्यावर, भर असतो, प्रसूतीआधी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, बाळाला कॅफीन देतात. त्यामुळे चट्टे कमी झालेत. दिसतं ते असं की वायुकोशांची वाढ मध्येच थांबून ते संख्येने कमी आणि आकाराने मोठे राहिलेत. जन्मानंतर २८ दिवस ऑक्सिजन लागला, किंवा पोटातले आठवडे धरून ३६ वा आठवडा आला तरी लागत होता, तर बीपीडीचं निदान होतं. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर "ओ-टू" पुढे किती दिवस लिहिलेत, ते शोधा. ते पिवळं पडलेलं कार्ड आज तुमच्या मुलाच्या सीटी स्कॅनपेक्षा मला जास्त सांगेल.

मोठेपणी काय उरतं? युरोप-ऑस्ट्रेलियातल्या अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात खूप कमी दिवसांच्या किंवा दीड किलोच्या आतल्या मुलांचं तरुणपणीचं फुंकर मारण्याचं बळ पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा सरासरीने कमी निघालं. ज्यांना बीपीडी झाला होता त्यांचं आणखी कमी. इथे फुंकर म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने किती हवा बाहेर पडते ते. स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकर मोजायच्या चाचणीच्या, कागदावर ते एफईव्ही-वन म्हणून छापलेलं असतं. सरासरी कमी म्हणजे प्रत्येकाचं कमी असं नव्हे. २८ आठवड्यांची कितीतरी मुलं पूर्ण नॉर्मल फुंकतात. वायुकोशांची संख्या वाढत्या वयात बऱ्याच जणांत भरून निघते, असंही दिसलंय. मागे राहतो तो बहुधा नलिकांचा व्यास. फुफ्फुस मापाने ठीक, पण त्याच्या नळ्या त्या मानाने अरुंद. बागेला मोटर पाच हॉर्सपॉवरची आणि पाइप मात्र अर्ध्या इंची, तर सावकाश पाणी जाईल, पण घाईने सोडायला गेलात की अडेल. तसंच बसून, चालून, कॉलेजला जाऊन मुलाला काही जाणवणार नाही. १६०० मीटरला श्वास मिनिटाला चाळीस-पन्नासवर गेला की मात्र पुढचा घ्यायच्या आत आधीचा पूर्ण बाहेर पडत नाही, आणि छाती फुगल्यासारखी होते. त्याला विचारा, "घेता येत नाही की सोडता येत नाही?" या एका प्रश्नावर पुढची अर्धी तपासणी ठरते.

कारण धापेचा आवाज श्वास सोडताना येतोय की घेताना, हे फार महत्त्वाचं. सोडताना बारीक शिट्टी म्हणजे छातीतल्या नलिका. घेताना, गळ्यातून, कर्कश ओढल्यासारखा आवाज असेल तर अडचण घशात आहे. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत याची दोन खास कारणं असतात. एक म्हणजे व्हेंटिलेटरची नळी बरेच दिवस राहिल्यामुळे स्वरयंत्राखालचा भाग अरुंद होणं. दुसरं, हृदयाजवळची पीडीए नावाची नळी बंद करायचं ऑपरेशन झालं असेल, तर त्या वेळी डाव्या स्वरतंतूची नस दुखावलेली असणं. ती नस नेमकी त्या नळीला वळसा घालून वर जाते. अशी मुलं लहानपणी घोगरी रडतात, मोठेपणी त्यांचा आवाज थोडा बसका राहतो, आणि पळताना ती दमेकऱ्यासारखी दिसतात. कितीही पंप ओढला तरी उपयोग नाही, कारण औषध जातं छातीत. शर्ट काढून डाव्या बगलेखाली, पाठीकडे जाणारा टाक्यांचा जुना व्रण आहे का ते बघा. असेल तर फुफ्फुसाच्या डॉक्टरांच्या जोडीने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरतंतू बघून घ्या, शक्य असेल तर पळवून लगेच.

आता दमा. कमी दिवसांच्या मुलांत घरघर, पावसाळ्यात वाफ, "बाळदमा" हे सगळं जास्त असतं, त्यामुळे दम्याचं नाव चिकटतं. काहींना खरोखर दमाही असतो, घराण्यात ॲलर्जी असेल तर जास्तच. पण नेहमीच्या दम्यात नलिकांना जी ॲलर्जीची सूज असते ती यांच्यात बहुधा कमी सापडते. म्हणून नुसत्या स्टिरॉइडच्या पंपाला ही मुलं अपेक्षेइतकी दाद देत नाहीत. याचा अर्थ पंप निरुपयोगी असा मुळीच नाही. वेल्समधल्या कार्डिफला ७ ते १२ वर्षांच्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि फुंकर कमी असलेल्या मुलांवर झालेली एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. त्यात स्टिरॉइड आणि लांब टिकणारं नलिका उघडणारं औषध, असा जोड पंप १२ आठवडे दिल्यावर फुंकर चांगली सुधारली. मुलं थोडी होती, पण मला या निकालाचं महत्त्व वाटतं, कारण "जन्मतःच असं आहे, काही होणार नाही" हे वाक्य त्याने खोटं ठरवलं. तुमच्या मुलाला दिलेला पंप कोणता आहे ते मला माहीत नाही. नुसता निळा सालब्युटामॉलचा, म्हणजे तेवढ्यापुरत्या नलिका उघडणारा असेल, किंवा स्पेसरशिवाय (पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्याशिवाय) तोंडात धरून फुस्स केला जात असेल, तर "थोडाच फरक" याचं अर्धं कारण तिथेच आहे. पंपाची सवय लागत नाही. सवय लागते ती दर महिन्याला इंजेक्शन घेऊन तात्पुरतं बरं वाटण्याची, आणि त्यातल्या स्टिरॉइडची किंमत हाडं आणि साखर मोजते.

टीबीबद्दल. वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम होतं, त्या काळापासून या भागात एक्स-रेवर डाग म्हणजे टीबी हे समीकरण पक्कं बसलंय. ते चूक ठरत नाही अशी उदाहरणं रोज भेटतातही. पण बीपीडी झालेल्या फुफ्फुसात जुने पट्टे आणि कुठे कुठे जास्त फुगलेले काळे भाग आयुष्यभर राहू शकतात. ताप, वजन घटणं, दोन आठवड्यांवर खोकला, बेडका, यातलं काही नसताना नुसत्या डागावर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करू नका. बेडका येत असेल तर सीबीनॅट ही बेडक्यातला टीबी शोधायची तपासणी करा, ते सरकारी रुग्णालयात मोफत होतं. आणि जुना एक्स-रे, अगदी चौथी-पाचवीतला असला तरी, शोधून शेजारी ठेवा. डाग तोच आणि तसाच असेल तर तो बहुधा जुनाच.

तपासण्या कोणत्या? पहिली आणि मुख्य स्पायरोमेट्री, पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर. ती मिरज-सांगलीत छातीच्या कुठल्याही दवाखान्यात होते. फुंकर निदान सहा सेकंद लांबवावी लागते आणि तीन वेळा नीट जुळावी लागते, नाहीतर आकडा फसवा येतो. घाईत मारलेल्या एका फुंकरीवर "फुफ्फुस ६० टक्के" असं लिहून आणलेले कागद मी बाजूला ठेवतो आणि पुन्हा करून घेतो. बसून नॉर्मल आली तर पळवून पुन्हा करायची. हिमोग्लोबिन बघायचं, कारण ते कमी असेल तर नुसत्या त्यानेही पळताना धाप लागते. ऑक्सिमीटर कोविडच्या वेळचा घरात पडला असेल. बसून सॅच्युरेशन ९५ च्या खाली असेल, किंवा पळून आल्यावर चार-पाच अंकांनी उतरत असेल, तर इको करून हृदयाच्या उजव्या बाजूवर आणि फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब आहे का ते बघायला हवं. ब्लड प्रेशर एकदा मोजा, या मुलांत ते थोडं जास्त निघतं. सीटी स्कॅन सगळ्यांना लागत नाही.

"जन्मभर असंच राहणार का?" याचं उत्तर थोडं लांब आहे. कुणाचीही फुंकर वयाच्या २० ते २५ पर्यंत वाढते, तिथे तिची सगळ्यात वरची पातळी येते आणि पुढे न ओढणाऱ्या माणसातही ती वर्षाला २५-३० मिलिलिटरने उतरत राहते. उतरण्याचा वेग सगळ्यांचा साधारण सारखा असला तरी ज्याची सुरुवातच खालून होते, तो पन्नाशीत त्रासाच्या रेषेपर्यंत लवकर पोचतो. पूर्वी आम्ही शिकायचो की सीओपीडी म्हणजे वर्षानुवर्षं विडी ओढून झपाट्याने झिजलेलं फुफ्फुस. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं की सीओपीडीच्या जवळपास निम्म्या रुग्णांत झीज नेहमीच्याच वेगाची होती, त्यांची तरुणपणीची पातळीच कमी होती. टास्मानियात १९६१ साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा पन्नाशीपर्यंत झाला, त्यात अपुऱ्या दिवसांच्यांना हा आजार जास्त दिसला आणि सिगारेट ओढणाऱ्यांत त्याची तीव्रता वाढली. तुमचा मुलगा १९ चा आहे. वरची पातळी गाठायला त्याच्याकडे अजून काही वर्षं आहेत, आणि या वर्षांत तो किती पळतो, काय श्वासात घेतो, यावर बरंच ठरेल. म्हणून मी म्हणेन की विशीत एकदा नीट स्पायरोमेट्री करून कागद लॅमिनेट करून ठेवावा. चाळिशीत पुन्हा तुलना करायला तोच उपयोगी.

भरतीचा नाद मुळीच सोडू नका. पळण्याने ही फुफ्फुसं बिघडत नाहीत. या मुलांची पळण्याची क्षमता सरासरीने थोडी कमी असली तरी सरावाने ती वाढते, कारण स्नायू आणि हृदय दोन्ही सुधारतात आणि तेवढ्याच अंतराला श्वास कमी लागतो. सरावाआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करणं त्याला इतरांपेक्षा जास्त गरजेचं आहे. सलग १६०० न पळता आधी तुकडे करावेत, मधे चालावं, आठवड्याला थोडं थोडं वाढवावं. डॉक्टरांनी सालब्युटामॉल सांगितलं असेल तर पळण्याआधी पंधरा मिनिटं. छातीत दुखणं, चक्कर, ओठ निळे पडणं यातलं काही झालं तर मात्र तिथेच थांबायचं. पुढे लष्कराचा विचार असेल तर तिथल्या वैद्यकीय तपासणीत दमा हे नाकारण्याचं कारण ठरतं, म्हणून कागदावर नुसतं "दमा" लिहून घेण्याआधी तो आहे का हे तपासून घेणं त्याच्या भल्याचं आहे. पण खरंच दमा निघाला तर लपवू नका.

आता श्वासात काय जातं ते. तुमच्या भागात हा प्रश्न सिगारेटीवर संपत नाही. बेदाण्याला रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि तो अरुंद नलिका काही मिनिटांत आवळतो. हंगामात मुलाला त्या शेडवर मजुरीला किंवा मदतीलाही पाठवू नका. हे मी ठामपणे सांगतोय, बाकी सल्ल्यांत तडजोड चालेल. उसाची तोड झाल्यावर पाचट पेटवतात ते दिवस, गुऱ्हाळाचा धूर, हळदीच्या पॉलिशची धूळ, वीटभट्टीचा वारा येणारा रस्ता, हे टाळून सरावाची जागा आणि वेळ निवडा. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत बसतो, तेव्हा ऊन वर आल्यावर पळलेलं बरं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या भिंतींतली ओल आणि बुरशी अजून गेलेली नाही. अशी भिंत असेल तर त्याची खाट तिथून हलवा. आणि मित्रांच्या संगतीतली "फक्त एक" सिगारेट त्याच्यासाठी इतरांच्या एकीइतकी स्वस्त नाही, हे तुमच्याऐवजी डॉक्टरने त्याला एकट्याला बसवून सांगितलं तर तो ऐकेल. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी घ्यावी. न्यूमोकोकलची लस सरकारी कार्यक्रमात देशभर मोफत मिळू लागली ती २०२१ मध्ये, म्हणजे त्याला लहानपणी मिळालेली नसणार. डॉक्टरांना विचारून घ्या. हवापालट म्हणून पाचगणीला महिनाभर ठेवावं का, असंही लोक विचारतात. जरूर जा, मजा येईल. वायुकोश त्याने वाढत नाहीत.

ज्यांच्या घरात आत्ता असं छोटं बाळ आहे त्यांना एकच सांगायचंय. आंघोळीनंतर वेखंड-ओवा-शेपाची धुरी आणि बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ही आपली जुनी रीत आहे. पूर्ण दिवसांच्या बाळालाही ती नको, आणि कमी दिवसांच्या बाळाला तर अजिबात नको. आजीचं मन राखायला बाळाला शेका, पण गरम कपड्याने, धुराशिवाय. मच्छर कॉइल बंद, मच्छरदाणी सुरू. आईचं दूध आणि लसी वेळेवर. आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो काढून आई-वडील दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

तुम्ही मुलाला घेऊन याल तेव्हा जन्माचं कार्ड, जुने एक्स-रे, सध्याचा पंप आणि असेल तर स्पेसर बरोबर आणा. स्पायरोमेट्रीच्या आधी निळा पंप सहा तास आणि जोड पंप चोवीस तास घेऊ नये, म्हणजे खरी पातळी दिसते. पण त्या काळात धाप वाढली तर चाचणीची पर्वा न करता पंप घ्यायचा. पळताना त्याला त्रास होतो त्या वेळचा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, आवाजासकट. तो आवाज कुठून येतोय हे बऱ्याचदा तिथेच कळतं.